मधाच्या बाटलीत मधाखेरीज काय असते?

गेल्या अंकात या सदरातून मधात मिसळल्या जाणाऱ्या साखरेच्या पाकाविषयी लिहिले होते. त्यावर पुष्कळ पत्रे आली, आणि त्यांतील बरीचशी पाकाविषयी नव्हती. ती औषधांचे अंश, कीटकनाशके, तापवलेला मध आणि डब्यांचा धातू यांविषयी होती. म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दर हिवाळ्यात एक ओळखीचे गृहस्थ डब्यातून मध आणतात. ग्लासभर पाण्यात थेंब टाकून तो तळाशी बसतो हे दाखवतात, कापसाची वात मधात बुडवून पेटवून दाखवतात. वीस वर्षे आम्ही एवढ्यावरच विश्वास ठेवून मध घेत आलो. हे पुरेसे आहे का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : पुरेसे नाही. थेंब तळाशी बसतो तो मध पाण्याच्या साधारण दीडपट जड असतो म्हणून; घट्ट आटवलेला गुळाचा पाक किंवा बाजारात पिंपाने मिळणारा ग्लुकोजचा पाकही तितक्याच इमानाने तळाशी जाऊन बसेल. वात पेटते ती मधात पाणी कमी असल्यामुळे. पाकात पाणी कमी असेल तर तीही पेटेल, आणि पावसाळ्याच्या तोंडावर काढलेल्या अस्सल पण पातळ मधाची वात मात्र चरचरून विझेल. बाटलीत साखरेसारखे दाणे धरले की मध बनावट, ही समजूत तर नेमकी उलट दिशेची आहे. ज्या फुलांच्या मधात ग्लुकोज जास्त, तो मध लवकर गोठतो. उत्तर भारतातील मोहरीचा मध थंडीत लोण्यासारखा घट्ट होतो आणि तो शंभर टक्के मधच असतो.

प्रयोगशाळांनाही हे ओळखणे सोपे राहिलेले नाही. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासून घेतले, तेव्हा बहुतेकांनी देशातील नेहमीच्या चाचण्या पार केल्या. नमुने जर्मनीत पाठवून अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची, म्हणजे एनएमआरची चाचणी केल्यावर १३ पैकी १० ब्रँड नापास झाले. नेहमीच्या चाचण्यांना गुंगारा देण्यासाठीच बनवलेले पाक बाजारात असताना कापसाच्या वातीकडून आपण काय अपेक्षा करावी?

पण आपल्या पत्राच्या निमित्ताने एक फरक स्पष्ट करतो, कारण पुढची सर्व उत्तरे त्यावर उभी आहेत. ‘हा मधच आहे का’ हा एक प्रश्न आणि ‘हा मध खाण्यास निर्धोक आहे का’ हा दुसरा. साखरेचा पाक मिसळलेला मध ही फसवणूक आहे, पण त्याने विषबाधा होत नाही. उलट एकही थेंब पाक नसलेल्या अस्सल मधात प्रतिजैविकाचे अंश असू शकतात, आणि ते एनएमआरलाही सहसा दिसत नाहीत, कारण ती चाचणी मुख्यतः शर्करांचा साचा पाहते. अब्जांश पातळीवरच्या अंशांसाठी निराळे यंत्र आणि निराळी पद्धत लागते. आपले गृहस्थ प्रामाणिक असतील. पण त्यांच्या ग्लासात या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही.

प्रश्न : गाईला दिलेले औषध दुधात उतरते हे समजते. पण मधात प्रतिजैविके सापडतात म्हणजे काय? माशीला इंजेक्शन कोण देणार?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : इंजेक्शनाची गरज पडत नाही, माशी औषध स्वतःच पिऊन घेते. मधमाश्यांच्या अळ्या कुजवणारे जिवाणूजन्य रोग आहेत. एका पेटीत शिरले की शेजारच्या पेट्यांत पसरतात आणि मधपाळाचा हंगाम बुडवतात. फुले नसलेल्या दिवसांत, आपल्याकडे विशेषतः पावसाळ्यात, पेटीत साखरेचा पाक ठेवून माश्या जगवाव्या लागतात. त्याच पाकात टेट्रासायक्लिनसारखे औषध कालवले की काम झाले. माशी तो पाक पिते, पोळ्यातील घरांत भरून ठेवते, वर मेणाचे झाकण घालते. पुढे फुलोरा आला की त्याच पोळ्यांत मध साठतो, आणि मधयंत्रात पोळी फिरवली की आधीचे आणि नंतरचे एकत्र बाहेर येते.

आपण गाईचे उदाहरण दिले आहे, आणि त्यातच खरी मेख आहे. गाईला औषध दिले की तिचे यकृत आणि मूत्रपिंडे ते हळूहळू बाहेर टाकतात. म्हणून ‘औषधानंतर इतके दिवस दूध विकू नये’ असा नियम करता येतो. मधाला यकृत नाही. पोळ्याच्या घरात बंद झालेले औषध तिथेच राहते. काही औषधे महिनोन्‌महिन्यांत सावकाश विघटित होतात, काही फारशी होतच नाहीत. त्यामुळे ‘थोडे दिवस थांबून मध काढला’ हा युक्तिवाद दुधाच्या बाबतीत चालतो, मधाच्या बाबतीत लंगडा पडतो.

या औषधांपैकी क्लोरॅम्फेनिकॉलविषयी थोडे विस्ताराने लिहितो. जुन्या पिढीला हे नाव विषमज्वरावरचे औषध म्हणून आठवत असेल. ते फार गुणकारी होते. पण वीस-चाळीस हजारांत एखाद्या रुग्णात ते अस्थिमज्जेचे रक्त बनवण्याचे काम कायमचे बंद पाडते, आणि हे औषधाच्या कमी-जास्त मात्रेवर अवलंबून असते असे दिसत नाही. ज्या विषाची मात्रा आणि परिणाम यांचे नाते लावता येत नाही, त्याची ‘सुरक्षित मर्यादा’ कशी ठरवणार? म्हणून ज्यांचे दूध, मांस, अंडी किंवा मध माणूस खातो अशा जिवांवर ते वापरूच नये, असा मार्ग बहुतेक देशांनी पत्करला. चीनमधील मधात आणि कोळंबीत ते सापडल्यावर युरोपीय संघाने २००२ साली तेथून येणारे प्राणिजन्य पदार्थ थांबवले. त्यानंतर प्रयोगशाळांच्या यंत्रांना किमान किती सूक्ष्म अंश दिसलाच पाहिजे याची पातळी युरोपने ठरवली : किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून गणित करून पाहा. दहा टनी हजार ट्रक मधाने भरले आणि त्या सगळ्यांत मिळून तीन ग्रॅम, म्हणजे अर्धा लहान चमचा औषध मिसळले, तर ही पातळी गाठली जाते.

चिनी मधाची ही कथा तिथे संपत नाही. अमेरिकेने त्यावर जबर आयातशुल्क लावल्यावर तोच मध दुसऱ्या देशांच्या नावाची लेबले लावून तिथे पोहोचू लागला, आणि २०१३ साली अमेरिकी सरकारने त्या प्रकरणात मध हाताळणाऱ्या काही कंपन्यांवर आणि व्यक्तींवर खटले भरले. औषधांचे अंश आणि खोटी कागदपत्रे हातात हात घालून चालतात, हे यावरून दिसावे.

आपल्याकडचे चित्रही पाहण्याजोगे आहे. २०१० साली वर उल्लेखिलेल्या त्याच संस्थेने दिल्लीच्या बाजारातून घेतलेल्या मधाच्या १२ नमुन्यांपैकी ११ मध्ये प्रतिजैविके आढळली. त्यांत परदेशी ब्रँडही होते. तेव्हा निर्यातीच्या मधासाठी या अंशांची तपासणी आणि मर्यादा होती, देशात विकायच्या मधासाठी मात्र नव्हती. म्हणजे परक्याच्या न्याहारीची जेवढी काळजी, तेवढी घरच्यांची नाही. त्याच वर्षी युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात रोखली आणि पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केली. त्यानंतर देशांतर्गत नियमही कडक झाले आहेत, हे नोंदवणे न्याय्य ठरेल.

एवढे वाचून आपण घरातील बाटली मोरीत रिकामी कराल, तर तसे करू नये. दिवसाला चमचाभर मधातून जाणारे टेट्रासायक्लिनचे अंश कोणाला लगेच आजारी पाडत नाहीत. औषधाच्या सूक्ष्म मात्रेत दीर्घकाळ राहून जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि मग गरजेच्या वेळी ते औषध लागू पडत नाही, ही चिंता व्यक्तीपेक्षा समाजाची अधिक आहे.

प्रश्न : नातू दीड महिन्याचा आहे. आमच्याकडे बाळगुटी मधातून चाटवण्याची रीत आहे. सुनेचा विरोध आहे. खात्रीचा, रसायनविरहित मध मिळाला तर हरकत नाही ना?
— एक आजी, सांगली

उत्तर : हरकत आहे, आणि सूनबाईंचे बरोबर आहे. इथे प्रश्न रसायनाचा नाहीच. अगदी शुद्ध, जंगलातून आपल्यासमोर काढलेल्या मधातही बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. बद्धकोष्ठ, मंद रडणे, दूध ओढता न येणे, मान न सावरणे ही त्याची चिन्हे आहेत. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही लावू नये, आणि गुटीविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

प्रश्न : सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेते. मध गरम केला की विष होतो असे वाचल्यापासून मनात धास्ती आहे. गोठलेला मध गॅसवर पातळ करावा की नाही?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : मध तापवू नये असे आयुर्वेदाने सांगितलेले आहे, रसायनशास्त्राला याविषयी जे सांगायचे आहे ते निराळ्या भाषेत आहे. मध आम्लधर्मी असतो. उष्णतेने त्यातील फ्रुक्टोज मोडून हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल, संक्षेपाने एचएमएफ, नावाचा पदार्थ बनतो. ताज्या मधात तो नगण्य असतो. मध उन्हात राहिला, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडून राहिला किंवा गाळायला सोपा जावा म्हणून कढवला, तर तो वाढत जातो. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे; आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात सर्वसाधारण मर्यादा ४० असून उष्ण प्रदेशांतील मधासाठी ८० ची सवलत आहे.

मात्र एचएमएफ हा मधाच्या इतिहासाचा साक्षीदार म्हणून जेवढा महत्त्वाचा आहे तेवढा विष म्हणून नाही. भाजलेल्या कॉफीत तो मधाच्या मर्यादेच्या अनेक पट असतो आणि कॉफी पिणाऱ्यांना त्याबद्दल कोणी हटकत नाही. आकडा जास्त दिसला की मध जुना आहे, तापवला आहे किंवा त्यात आम्लाने मोडलेल्या साखरेचा पाक आहे, असा संशय परीक्षकाला येतो. मधमाश्यांना मात्र तो खरोखरच घातक आहे. जुना, तापलेला मध माश्यांना खाऊ घालू नये ते यासाठीच.

आपल्या कोमट पेल्यात दोन मिनिटांत मोजण्याजोगे काही घडत नाही. गोठलेला मध गॅसवर ठेवू नये. काचेची बरणी बोट सहज बुडवता येईल एवढ्या कोमट पाण्यात उभी करावी, अधूनमधून ढवळावी. तासभर लागेल. परवाच आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर अशी बरणी उभी होती. दाणे आधी कडेने विरघळतात आणि मधोमध पांढरा खांब बराच वेळ टिकतो. तो विरघळण्याआधीच कोणीतरी कंटाळून बरणी मायक्रोवेव्हमध्ये ढकलते, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

प्रश्न : माझ्याकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, १८ पेट्या आहेत. भोवताली स्ट्रॉबेरीची शेते आहेत आणि फवारण्या चालू असतात. मधात विष उतरते का? शिवाय मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, पेट्या घ्याव्यात असा सल्ला मिळतो. पण त्यांना माइटसाठी (माश्यांच्या अंगावरच्या बारीक परजीवीसाठी) औषधी पट्ट्या लावाव्या लागतात असे ऐकतो.
— एक मधपाळ, सातारा जिल्हा

उत्तर : आपण मधपाळ असल्यामुळे आपल्याला हे ठाऊक असेल की फवारणीचा पहिला बळी माशी असते. जबर डोस मिळालेली माशी सहसा पेटीपर्यंत परततच नाही, आणि त्यामुळे, विचित्र वाटले तरी, मधाचे काहीसे रक्षण होते. अडचण मंद, झाडात भिनणाऱ्या औषधांची आहे. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशक बियाण्याला चोळले तरी रोपातून फुलापर्यंत चढते आणि माशीला न मारता मकरंदातून पेटीत येते. जगभरातून गोळा केलेल्या मधाच्या १९८ नमुन्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन-चतुर्थांश नमुन्यांत या गटातील किमान एक औषध सापडले. माणसासाठीच्या मर्यादेच्या तुलनेत ही पातळी बहुतेक नमुन्यांत फार खाली होती. माशीच्या दृष्टीने मात्र ती दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती.

लेबलावर ‘सेंद्रिय’ लिहिणाऱ्या शहरी विक्रेत्यांनीही इथे थांबून एक हिशेब करावा. मेलिफेरा तीन किलोमीटरपर्यंत सहज चरायला जाते. तीन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे २८ चौरस किलोमीटर. एवढ्या शिवारात कोणी काय फवारले याची हमी पेटीचा मालक कोणत्या आधारावर देणार? सातेरीचा पल्ला यापेक्षा कमी असतो, त्यामुळे दाट रानाच्या पोटात ठेवलेल्या सातेरीच्या पेट्यांविषयी असा दावा थोडा तरी पटतो. आपण शेजाऱ्यांशी बोलून फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करवून घ्यावी, आदल्या दिवशी निरोप मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि मोठी फवारणी असेल तेव्हा पेट्या दोन दिवस हलवाव्यात.

पट्ट्यांविषयी ऐकले ते खरे आहे. व्हॅरोआ हा माइट मूळचा सातेरीचाच पाहुणा. हजारो वर्षांच्या सहवासात सातेरी त्याला अंगावरून वेचून काढायला शिकली. मेलिफेराला ती विद्या फारशी अवगत नाही, म्हणून फ्लुव्हॅलिनेट, कुमाफॉस, अमिट्राझ यांच्या पट्ट्या आल्या. यांतील पहिली दोन औषधे चरबीत विरघळणारी असल्याने मधापेक्षा मेणात मुरतात आणि पोळ्यांचे मेण पुन्हापुन्हा वितळवून वापरले की वर्षागणिक साठत जातात. पट्ट्या फुलोऱ्याच्या काळात पेटीत राहू देऊ नयेत, जुनी काळी पोळी दर दोन-तीन वर्षांनी बदलावीत, आणि शक्य तिथे फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल वापरावे. ही आम्ले मधात मुळातच थोडी असतात.

एक विनंती जोडतो. सातेरीत थाई सॅकब्रूड आला, अळ्या पिशवीसारख्या फुगून मेल्या, की काही जण घाबरून पाकात प्रतिजैविक घालतात. तो विषाणूचा रोग आहे; प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. रोग राहतो तो राहतोच, वर मध बाटतो.

प्रश्न : नेपाळमधील ‘लाल मध’ किंवा ‘मॅड हनी’ समाजमाध्यमांवर विकला जातो. पूर्ण नैसर्गिक असल्याने अपाय नाही, असे विक्रेता सांगतो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नैसर्गिक असल्यामुळेच अपाय आहे. हिमालयात गुरांस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या काही जातींच्या मकरंदात ग्रेयानोटॉक्सिन असते. चमचा-दोन चमच्यांनी रक्तदाब आणि नाडी इतकी खाली जाऊ शकते की माणूस कोसळतो. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनारी भागातील रुग्णालयांना असे रुग्ण परिचयाचे आहेत. त्याच प्रदेशात, इसवी सनापूर्वी ४०१-४०० च्या सुमारास, परतीच्या वाटेवरचे ग्रीक सैन्य मधाची पोळी खाऊन आडवे पडल्याची हकिगत झेनोफोनने लिहून ठेवली आहे. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असलेल्या माणसाने या मधाच्या वाटेला जाऊ नये.

वनस्पतींची आणखी काही विषे, पायरोलिझिडिन अल्कलॉइडे, याच मार्गाने अल्प प्रमाणात मधात येतात. यांचा रोख यकृतावर असतो. आपल्या देशाला त्यांची ओळख मधातून नव्हे, धान्यातून झाली : १९७० च्या दशकाच्या मध्यावर तेव्हाच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात गोंदली नावाच्या बारीक धान्यात खुळखुळ्याच्या कुळातील वनस्पतीचे बी मिसळले गेले आणि यकृतविकाराच्या साथीत अनेक माणसे दगावली. मधातील प्रमाण त्या मानाने फार कमी असते. एकाच रानातील, एकाच फुलोऱ्याचा मध वर्षभर रोज भरपूर खाण्यापेक्षा वेगवेगळ्या ठिकाणचा आणि थोडा खावा, एवढी सावधगिरी पुरते.

प्रश्न : मध तांब्या-पितळेच्या डब्यात ठेवावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ठेवू नये. मधाचे आम्ल तांबे, जस्त आणि शिशाचे सांधे हळूहळू खाते. जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे जुने डबे आणि पिंपे तर सर्वांत वाईट. काच किंवा चांगले स्टेनलेस स्टील वापरावे.

प्रश्न : संशय आला तर सामान्य ग्राहकाने मध तपासून घ्यायचा कुठे? आमच्या तालुक्याच्या ठिकाणी कोणालाच सांगता येईना.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : दोन मार्ग आहेत. पहिला, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार करणे. मग अन्नसुरक्षा अधिकारी स्वतः दुकानातून नमुना घेऊ शकतात आणि त्यावर कायदेशीर कारवाई होऊ शकते. दुसरा मार्ग फारसा कोणाला माहीत नाही. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही खरेदीदार शुल्क भरून शासकीय अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो आणि पदार्थ मानकात बसत नाही असे निघाल्यास शुल्क परत मिळण्याचा त्याला हक्क आहे. अट अशी की, खरेदी करतानाच विक्रेत्याला ‘मी हे तपासायला पाठवणार आहे’ असे सांगावे लागते. एवढे वाक्य काउंटरवर उच्चारल्यावर विक्रेत्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हीदेखील एक प्रकारची चाचणी समजावी.

अर्ज करताना नेमकी कोणती तपासणी हवी ते लिहावे. नुसते ‘शुद्धता तपासावी’ असे लिहिले तर आर्द्रता, सुक्रोज, एचएमएफ यांचा अहवाल हाती येईल आणि प्रतिजैविकांचा रकाना त्यात नसेलच. खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाही या तपासण्या करतात. अंशांची तपासणी साध्या तपासणीपेक्षा बरीच महाग पडते, म्हणून सोसायटीतील किंवा गावातील चार-सहा घरांनी मिळून एका लॉटचा नमुना दिला तर परवडते. सीलबंद बाटली उघडू नये, लॉट क्रमांक दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे, आणि पावती जपावी. डब्यातून सुटा मध घेणाऱ्यांकडे पावतीच नसते, आणि त्यांची तक्रार बहुतेक वेळा तिथेच अडते.